कंपन्या एक झाल्या, आता माझ्या सिमचं काय करायचं?

३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या आणि तेरा दिवसांवर चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होती. गोव्यात साखळी गावात माझं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-फुलांचं, सामान घेऊन आलेली माणसं पिशव्या काउंटरवर टेकवायची आणि एकच विचारायची, "म्हजो नंबर वतलो काय रे?" म्हणजे माझा नंबर जाणार काय. त्याच वर्षी मे महिन्यात टेलिनॉर एअरटेलमध्ये गेली होती, पुढच्या जुलैत टाटा डोकोमोचे ग्राहकही एअरटेलकडे गेले, म्हणजे सव्वा वर्षात तीन वेळा हाच प्रश्न, आणि दर वेळी घाबरून चुकीचं काहीतरी करून बसलेली माणसं मी बघितली. पुढे परत कुठल्या कंपन्या एकत्र आल्या तर काय करायचं ते म्हणून नीट लिहून ठेवतोय.

आधी हे बघा की कंपनी दुसरीत मिसळतेय की बंद पडतेय. लोक दोन्हीला "कंपनी गेली" म्हणतात पण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मिसळली तर नंबर, बॅलन्स, व्हॅलिडिटी सगळं नव्या कंपनीकडे जसंच्या तसं जातं, तुम्हाला पोर्ट मारायची, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायची, गरज नाही. आपल्याकडे बीपीएल मोबाईल कंपनीच्या काळात घेतलेला नंबर आजही वापरणारी माणसं आहेत, तोच नंबर पुढे हच झाला, २००७ मध्ये व्होडाफोन झाला, सप्टेंबर २०२० पासून व्हीआय आहे, एक आकडा बदललेला नाही. उलट एअरसेलने जानेवारी २०१८ अखेर आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलसकट (सर्कल म्हणजे मोबाईल सेवेसाठी ठरवलेला विभाग) सहा सर्कलमध्ये सेवाच बंद केली, तेव्हा मात्र मुदतीत पोर्ट केलं नाही तर नंबर हातचा जाणार होता. म्हणून बातमी वाचताना "विलीनीकरण" आहे की "सेवा बंद" हे दोनदा वाचा. आणि शेअर बदलले म्हणजे विलीनीकरण नव्हे. २०२५ मध्ये केंद्र सरकारचा व्हीआयमधला हिस्सा जवळजवळ ४९ टक्के झाला तेव्हा "आता ही बीएसएनएल झाली काय" असं विचारत लोक आले होते, तसं काही नाही, दोन्ही वेगळ्या आहेत.

विलीनीकरण एका दिवसात होतही नाही. स्पर्धा आयोगाची मंजुरी, कंपनी लवादाची, मग दूरसंचार विभागाची, यात वर्षभर सहज जातं. व्होडाफोन-आयडियाची घोषणा मार्च २०१७ ची, पूर्ण व्हायला पुढच्या वर्षीचा ऑगस्ट संपला. हा जो मधला वेळ मिळतो ना, तो कामाचा आहे, तो वापरा.

काय करायचं, तर पुरावे जमवून ठेवा. प्रीपेड असेल तर कंपनीच्या अॅपमध्ये जाऊन प्लॅनचं नाव, शिल्लक आणि व्हॅलिडिटीची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. पोस्टपेड असेल तर शेवटची तीन बिलं पीडीएफमध्ये उतरवून स्वतःलाच ईमेल करा, कारण जुनं अॅप बंद झालं की जुनी बिलं शोधताना नाकी नऊ येतात. कनेक्शन घेताना डिपॉझिट भरलं होतं का ते बघा, बऱ्याच जणांना आठवतच नाही, पंधरा वर्षांपूर्वीची पावती कपाटात कुठेतरी असते, ती शोधा आणि फोटो काढा. दराचं म्हणाल तर ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे की तुम्ही प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातले दर कंपनीला वाढवता येत नाहीत, मग मालक बदलला तरी. म्हणून प्लॅन कधी घेतला ती तारीख लिहून ठेवा.

आता सिम. याच्यावर जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो. दोन नेटवर्क एक होताना सुरुवातीला कंपन्या आपापसात रोमिंग चालू करतात, म्हणजे तुमच्या कंपनीची रेंज नसली तर फोन आपोआप दुसऱ्या भावाचा टॉवर पकडतो आणि वर नाव वेगळंच दिसायला लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. पुढे काही जणांना सिम बदलायला सांगतात, विशेषतः जुनं टूजी-थ्रीजीच्या काळातलं सिम असेल तर. बदला, पण दिवस बघून बदला. नवीन सिम चालू झालं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, कोणी तुमच्या नावाने सिम काढून बँक साफ करू नये म्हणून सरकारनेच हे करायला लावलंय. कॉल चालतात, नेट चालतं, ओटीपी मात्र येत नाही.

मोर्ल्याची एक मावशी आहे, मुलगा जहाजावर, घरचे सगळे बँक व्यवहार हिच्या फोनवर. मेसेज आला म्हणून दुपारी येऊन सिम बदलून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीच्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख. सकाळी नऊला दुकान उघडतोय तर पायरीवर बसलेली. फोन हातात धरून सारखी स्क्रीन पुसत होती, जसं काय पुसल्यावर ओटीपी दिसेल. मी आदल्या दिवशी तिला विचारायला हवं होतं की उद्या काही भरणा आहे काय. फी शेवटी शेजाऱ्याच्या खात्यातून भरली. त्या दिवसापासून मी सिम हातात द्यायच्या आधी प्रत्येकाला विचारतो, उद्या बँकेचं काही काम आहे? असेल तर दोन दिवसांनी ये. ज्यांची माणसं गल्फमध्ये किंवा बोटीवर आहेत आणि त्यांच्या खात्याचे ओटीपी गोव्यातल्या नंबरवर येतात त्यांनी तर त्या माणसांना आधी कळवूनच सिम बदलावं. आणि "विलीनीकरणामुळे तुमचं सिम आज रात्री बंद होणार, केवायसी करा" असा फोन आला तर सरळ कट करा, कंपनी असं फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, एक मिनिट घालवू नका.

रेंजचं काय होतं ते समजून घ्यायला स्पेक्ट्रम म्हणजे काय ते थोडं कळायला हवं. स्पेक्ट्रम म्हणजे हवेतल्या लहरींचा पट्टा, सरकार लिलावात सर्कलप्रमाणे विकतं, २० वर्षांसाठी. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात. १८००, २१००, २३००, २५०० च्या लहरी जास्त डेटा वाहतात पण लांब जात नाहीत. आपली जुनी घरं चिऱ्याची, दीड हात जाडीच्या भिंती, आत माजघरात फोन मुका आणि बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, आला की टणटण वाजतो, ते यामुळे. दोन कंपन्या एक झाल्या की दोघींचे पट्टे एकत्र होतात. टेलिनॉरबरोबर एअरटेलला सात सर्कल मिळून १८०० च्या बँडमधला ४३.४ मेगाहर्ट्झ मिळाला होता, आणि त्या सातात आपलं सर्कल होतं. रस्ता रुंद झाल्यासारखं आहे, जास्त गाड्या एका वेळी जातात.

पण सगळा पट्टा एकीनेच गिळू नये म्हणून मर्यादा आहे. २०१८ मध्ये सरकारने ती बदलली, एका सर्कलमधल्या एकूण स्पेक्ट्रमच्या ३५ टक्क्यांहून जास्त एका कंपनीकडे नको, आणि १००० मेगाहर्ट्झच्या खालच्या, म्हणजे लांब जाणाऱ्या लहरींत ५० टक्क्यांहून जास्त नको, असं तेव्हा केलं होतं, २०२२ च्या लिलावाच्या वेळी हे आकडे परत बदलले. जास्त झाला तर वर्षभरात सोडावा लागतो. शिवाय लिलावाशिवाय जुन्या काळी मिळालेल्या स्पेक्ट्रमच्या किमतीतला फरक सरकारला भरावा लागतो, व्होडाफोन आणि आयडियाकडून त्यासाठी रोख आणि बँक गॅरंटी मिळून सात हजार कोटींच्या वर घेतले होते. हा पैसा शेवटी कुठून येतो ते सांगायला नको. कंपन्या कमी उरल्या आणि डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ असे तीन वेळा दर चढले, काउंटरवर ते मला रोज ऐकावं लागलं, आणि लोकांचा राग बरोबरच होता. विलीनीकरणाच्या दुसऱ्या दिवशी बिल वाढत नाही, पण उद्या वाढलं तर जायला दुसरं दार कमी असतं.

रेंज सुधारायच्या आधी बिघडूही शकते हे कोणी सांगत नाही. एकाच डोंगरावर दोघींचे दोन टॉवर असतील तर खर्च वाचवायला एक काढतात. कागदावर बरोबर आहे, पण जो काढला त्याच्या सावलीत तुमचा वाडा, म्हणजे वस्ती, असेल तर झालं. आमच्या सत्तरी तालुक्यात, केरी-चोर्ल्याच्या बाजूला डोंगराची एक सोंड मध्ये आली की सिग्नल संपला. म्हणून विलीनीकरणाची घोषणा झाली की घरात तीन जागा ठरवा, माजघर, झोपायची खोली, मागचं दार, आणि तिथे किती दांड्या येतात आणि कॉल लागतो का ते तारखेसकट वहीत लिहा, सहा महिन्यांनी परत बघा. चवथीला गावच्या घरी जाणार तिथेही बघा. एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीला वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, त्यात आपला वाडा हिरवा दाखवलाय आणि घरात रेंज नाही असं असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट, तक्रारीत कामाला येतो. फोनही तपासा, नव्या कंपनीचं फोरजी ज्या बँडवर आहे तो बँडच तुमच्या जुन्या फोनमध्ये नसेल तर टॉवर शेजारी असून उपयोग नाही. कुठल्याही चांगल्या दुकानात मॉडेल नंबरवरून पाच मिनिटांत सांगतील, नवा फोन घ्यायला लावतील त्या आधी दुसऱ्या दुकानातही विचारा.

बिलाचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव नको. माझं दुकानाचं पोस्टपेड बिल १४ तारखेला सुरू व्हायचं. सिस्टम बदलली आणि नवं बिल १ तारखेपासून आलं, आणि जुनं शेवटचं बिलही पूर्ण महिन्याचं. दोन्ही बिलं शेजारी ठेवून बघितली तर १ ते १३ हे तेरा दिवस दोन्हीकडे. रक्कम मोठी नव्हती, पण माझ्यासारखे किती असतील? तक्रार केली, पहिल्यांदा "सिस्टममध्ये बरोबर दिसतंय" असं उत्तर, मग दोन्ही पीडीएफ जोडून अपील केलं तेव्हा पुढच्या बिलात वजा झाले. म्हणून पहिली दोन बिलं रकमेकडे बघून भरू नका, आधी "पासून-पर्यंत" तारखा बघा. ऑटोपे असेल तर तो जुन्या कंपनीच्या नावावर आहे का बघा, तुटला तर बिल थकतं आणि दंड लागतो, दोन्हीकडे चालू राहिला तर दोनदा पैसे जातात. धंदेवाल्यांनी जीएसटी नंबर बघायलाच हवा, कंपनी बदलली की तिचा नंबरही बदलतो. आणि सर्कल महाराष्ट्र-गोवा एक असलं तरी जीएसटीत आपलं राज्य वेगळं, गोव्याचा नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. पत्ता चुकून पुण्याचा राहिला तर इनपुट क्रेडिटचा घोळ होतो आणि सीए तुम्हाला शिव्या घालतो.

एवढं करूनही नको वाटलं तर पोर्ट करा, पण घोषणा झाल्या झाल्या रागाने नको. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर, १९०० ला एसएमएस. कोड येतो तो आपल्याकडे चार दिवस चालतो, सर्कलच्या आत तीन कामाच्या दिवसांत नंबर बदलतो. त्याच कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. पोर्ट करताना प्रीपेडचा बॅलन्स बुडतो, विलीनीकरणात बुडत नाही, ही एक गोष्ट लोक नेहमी उलटी धरतात, वर्षाचं रिचार्ज मारलं असेल तर संपत आल्यावरच जा. दोडामार्ग, सावंतवाडीचा नंबर आपल्याच सर्कलचा. मुंबईचा नंबर वेगळ्या सर्कलचा, कारवार-बेळगावचाही, तिथे पाच दिवस धरा.

तक्रार करायची तर १९८, फुकट आहे, आणि तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे, त्याचेही पैसे नाहीत, निकाल ३९ दिवसांत द्यायला हवा. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. टेलिकॉमचं प्रकरण तिथे चालत नाही असं पूर्वी सांगून लोकांना परत पाठवायचे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चालतं असं स्पष्ट सांगितलंय. मोबाईल घेऊन या, वहीतलं पान आणि दोन्ही बिलं घेऊन या, अर्ज लिहायला मी दुपारी एक ते चार, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, बसतो.