गोची आवृत्ती वाढवताना: आधी कंपायलर, मग गो.मॉडची ओळ

गो या प्रोग्रॅमिंग भाषेची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये. पुढच्या दोन आवृत्त्या आल्या की जुनीला सुरक्षेचे पॅच मिळणं बंद. म्हणजे वर्षातून एकदा तरी प्रोजेक्टची आवृत्ती वाढवण्याचं काम काढावंच लागतं.

त्यात हमखास होणारी चूक म्हणजे मशीनवरचा कंपायलर (कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं टूल) आणि गो.मॉड फाइलमधली, म्हणजे प्रोजेक्टची आवृत्ती आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी नोंदवणाऱ्या फाइलमधली, 'गो १.२१' ही ओळ एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) बदलणं. नव्या कंपायलरबरोबर नवी स्टँडर्ड लायब्ररी येते, पण भाषेचे नियम कोणत्या आवृत्तीचे लावायचे ते ही ओळ ठरवते. दोन्ही एकदम बदललं आणि काही फुटलं, तर दोष कुणाचा ते शोधण्यात दिवस जातो.

पहिल्या कमिटमध्ये फक्त कंपायलर. 'गो वेट' (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारं टूल) चालवा, सगळ्या टेस्ट एकदा साध्या आणि एकदा रेस डिटेक्टर (समांतर कोड एकाच डेटाला एकदम हात लावतो का ते पकडणारी सोय) लावून चालवा. १.२३ वर जाताना लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा टप्पा) अडला, तर एखादी लायब्ररी 'लिंकनेम' ही आडवाट वापरून रनटाइमच्या आतल्या फंक्शनांना हात घालत असण्याची शक्यता मोठी. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या. तपासणी बंद करणारा लिंकर फ्लॅग आहे, पण तो तात्पुरताच.

डॉकरमध्ये, म्हणजे तयार इमेजमधून बनवलेल्या वेगळ्या वातावरणात बिल्ड करताना, वेगळी गंमत. १.२१ पासून गो.मॉडमधली ओळ नुसती सूचना राहिली नाही, ती किमान अट झाली. कंपायलर जुना असेल तर गो स्वतःच नवा उतरवून घेतो. पण गोच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये 'गोटूलचेन' हे व्हेरिएबल 'लोकल' असतं, म्हणजे नवा कंपायलर उतरवला जात नाही, त्यामुळे लॅपटॉपवर चालणारा बिल्ड तिथे थांबतो. इमेजचा टॅगही वाढवा. ओळीत '१.२२' न लिहिता '१.२२.०' लिहा; १.२१ पासून पहिल्या रिलीजच्या नावातही शून्य असतं, आणि नुसतं '१.२२' दिलं तर १.२१ चा कंपायलर त्या नावाचं टूलचेन (कंपायलर आणि सोबतची टूल्स) शोधतो आणि ते मिळत नाही. 'गो गेट' या कमांडने एखाद्या डिपेंडन्सीची (तुमचा कोड वापरत असलेल्या लायब्ररीची) आवृत्ती वाढवली की तिच्या अटीमुळे तुमची ओळही वर सरकू शकते, म्हणून कमिटआधी गो.मॉडचा डिफ (काय बदललं ते) नजरेखालून घाला.

हे सगळं हिरवं झालं की दुसऱ्या कमिटमध्ये ओळ. १.२२ ओलांडताना सगळ्यात जास्त लक्ष फॉर-लूपकडे द्या. आधी लूपचं व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांना मिळून एकच असायचं. आता प्रत्येक फेरीला नवं मिळतं. टेबल टेस्टमध्ये (केसच्या यादीवर लूप फिरवून प्रत्येकीची सबटेस्ट चालवणाऱ्या टेस्टमध्ये), जिथे आत सबटेस्ट समांतर चालवणारं 'टी.पॅरलल' आहे, तिथे हे उघडं पडतं. जुन्या नियमात समांतर सबटेस्ट लूप संपल्यावर सुरू व्हायच्या आणि सगळ्याच शेवटची केस तपासायच्या. दहा केसपैकी नऊ कधी चालल्याच नव्हत्या, तरी निकाल पास! ओळ बदलताच त्या खरोखर चालतात आणि काही पडतात. इथे कंपायलरला शिव्या देऊ नका, टेस्टच खोटी होती. नेमका कोणता लूप जबाबदार आहे ते कळत नसेल, तर 'बायसेक्ट' हे टूल इन्स्टॉल करा आणि 'लूपव्हार' पर्याय देऊन टेस्ट चालवा. ते फाइल आणि ओळ क्रमांक सांगतं.

१.२४ वर गेलात की 'प्रिंटएफ'ला फॉरमॅट म्हणून नुसतं व्हेरिएबल दिलेल्या जागा वेट पकडतो, आणि 'गो टेस्ट' ही तपासणी आपोआप करत असल्याने टेस्टच अडते. 'प्रिंट' वापरा, किंवा व्हेरिएबलच्या आधी '%s' हा फॉरमॅट द्या.

लायब्ररीतले काही बदलही याच ओळीला बांधलेले असतात, पण ते फक्त मुख्य मॉड्यूलची (तुम्ही बिल्ड करता त्या प्रोजेक्टची) ओळ बघतात, डिपेंडन्सींची नाही. उदाहरणार्थ १.२३ पासून टायमर वाजल्याचा निरोप देणाऱ्या चॅनलला बफर (निरोप साठवायची जागा) नाही, त्यामुळे 'लेन' (साठलेल्या निरोपांची संख्या) विचारून टायमर वाजला का ते बघणाऱ्या कोडला कायम शून्य मिळतं. कोड दुरुस्त करायला वेळ हवा असेल तर गो.मॉडमध्ये 'गोडीबग असिंकटायमरचॅन=१' लिहून जुनं वागणं परत मिळतं. ही ओळ टाकलीत तर शेजारी कॉमेंटमध्ये कारण आणि तारीख लिहा. अशा सेटिंग्ज साधारणपणे किमान दोन वर्षं, म्हणजे चार आवृत्त्या ठेवल्या जातात; पुढे काढल्या जाऊ शकतात, आणि तोवर ती ओळ कुणी का टाकली होती हे टीममध्ये कुणालाच आठवत नसतं.