वीज पडून शेळी मेली तर आधी खड्डा नाही, आधी फोन

मागच्या अवकाळीत शेजारच्या वस्तीवर चिंचेखाली थांबलेल्या चार शेळ्या वीज पडून गेल्या आणि घरच्यांनी वास सुटेल म्हणून संध्याकाळीच पुरून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तलाठी आले तर दाखवायला नुसती ओली माती. चारीचे मिळून सरकारी मदतीचे 16,000 रुपये गेले ना राव.

तर पहिलं काम, मेलेलं जनावर हलवायचं नाही. तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच), पोलीस पाटलाला आणि जनावरांच्या डॉक्टरला लगेच फोन करा, कोणी उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर मेसेज टाका म्हणजे वेळेची नोंद राहते. मग फोटो. एक लांबून, मागे गोठा किंवा ओळखीचं झाड दिसेल असा, आणि एक कानातल्या टॅगचा अगदी जवळून, 12 आकडे वाचता आले पाहिजेत. टॅग नसेल तर अवघडच आहे, 2024 पासून राज्याने मदतीसाठी टॅग सक्तीचा केलाय, त्यामुळे जिवंत जनावरांना आजच टॅग लावून घ्या, दवाखान्यात होतं.

डॉक्टरने पोस्टमार्टम केलं की दाखला घ्या. आणि पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो वाचा, प्लीज वाचा. संख्या बरोबर आहे का, दुभतं जनावर दुभतं म्हणून लिहिलंय का, मरणाचं कारण 'वीज पडून' किंवा 'पुरात वाहून' असं स्पष्ट आहे का. सही झाली की मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.

आपत्ती निधीचे 2022 ते 2026 चे दर असे की दुभती गाय-म्हैस 37,500, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100 रुपये. एका कुटुंबाला मोठी दुभती तीन किंवा शेळ्या-मेंढ्या 30 पर्यंतच, कोंबड्यांचे जास्तीत जास्त 10,000. (2025 च्या पुरानंतर राज्याने ती तीनची अट काढली होती, म्हणून दरवेळी नवीन जीआर विचारा.) बिबट्याने मारलं तर हे सगळं सोडून वन खात्याकडे जा, तिथली केस वेगळी.

पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत जाऊन बघा, खूप जणांचं जुन्या बंद खात्याला असतं.

आता मधमाशीवाले. या दरांच्या यादीत मधपेटीची ओळच नाही, रेशीमवाल्यांची आहे पण मधपाळांची नाही, मला तरी हे पटत नाही. तरी पेट्या गेल्या तर पंचनाम्यात 'इतर नुकसान' म्हणून लिहून घ्याच, सोबत पेटी खरेदीची बिलं आणि मधुक्रांती पोर्टलवरची (मधपाळांची सरकारी वेबसाइट) नोंदणी लावा, आणि एक अर्ज खादी ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा ऑफिसला द्या. आमच्या काकांच्या सातेरी (देशी मधमाशी) जातीच्या आठ पेट्या ओढ्यात गेल्या, त्यांनी असाच अर्ज दिलाय, पोचपावतीवर शिक्का आहे, पैसे अजून नाहीत.