क्लबमध्ये वाजवायचंय? मराठवाड्यातून सुरुवात करणाऱ्या डीजेसाठी

लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, कंट्रोलर कोणता घेऊ?" कंट्रोलर म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र. मी उलट विचारतो, गाणी किती आहेत आणि कुठून घेतलीत? बऱ्याच जणांना वाटतं मी विषय टाळतोय. पण क्लबमध्ये यंत्रं क्लबचीच असतात. सीडीजे (पेन ड्राइव्हवरून गाणी वाजवणारी यंत्रं), ती गाणी एकत्र मिसळणारा मिक्सर, स्पीकर सगळं तिथं बसवलेलं असतं. आपण घरून नेतो ते हेडफोन, दोन पेन ड्राइव्ह आणि कान. भांडवल एवढंच, म्हणून पहिला पैसा आणि पहिला वेळ त्यावर घाला असं मी आग्रहानं सांगतो.

मी संभाजीनगरात राहून हे काम करतो. शुक्रवार-शनिवार हॉटेलांचे लाउंज, लगीनसराईत संगीत आणि हळदी, वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांचे कार्यक्रम, अधूनमधून पुण्याचा एखादा क्लब. पुण्या-मुंबईसारखे क्लब आपल्याकडं नाहीत, त्यामुळं फक्त टेक्नो किंवा फक्त हाउस वाजवून इथं घर चालत नाही. याची खंत करू नका. एकाच आठवड्यात कंपनीचे साहेब, कॉलेजची पोरं आणि नवरीच्या मावश्या यांच्यासमोर वाजवणाऱ्याला माणसं जेवढी कळतात, तेवढी एकाच प्रकारचं संगीत वाजवणाऱ्याला कळायला बरीच वर्षं जातात.

शिकायला यंत्र लागतंच, पण दोन चॅनलचा, म्हणजे एका वेळी दोन गाणी चालवणारा, साधा कंट्रोलर पुरतो. 2022 साली आलेला पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स4 सध्या नवशिक्यांकडं सर्रास दिसतो. किंमत साधारण 30 हजारांच्या घरात, आणि तो रेकॉर्डबॉक्स व सेराटो या डीजेंच्या दोन्ही सॉफ्टवेअरवर चालतो. त्याआधीचा डीडीजे-400 चांगल्या अवस्थेत जुना मिळाला तर बेलाशक घ्या. चार चॅनल आणि मोठ्या जॉग व्हीलसाठी (हातानं फिरवायच्या चकतीसाठी) कर्ज काढू नका. शिकायचं ते रेकॉर्डबॉक्सवर शिका. बहुतेक क्लबांत पायोनियरचेच सीडीजे असतात, 2016चा सीडीजे-2000 नेक्सस 2 किंवा 2020चा सीडीजे-3000. रेकॉर्डबॉक्समधून तयार केलेला पेन ड्राइव्ह त्यांत थेट चालतो, लॅपटॉप न्यावा लागत नाही. हेडफोन बंद कपांचा, एक कप फिरवता येईल असा आणि वायर सुटी होणारा घ्या. ब्लूटूथचा नको, आवाज उशिरा पोचतो आणि ठोका जुळवताच येत नाही.

आता पेन ड्राइव्ह. नवा 64 जीबीचा ड्राइव्ह बहुतेक वेळा एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतो आणि सीडीजे-2000 नेक्सस 2 तो वाचत नाही. आधी फॅट32मध्ये फॉरमॅट करा, मगच गाणी टाका. ड्राइव्ह दोन ठेवायचे, दोन्हींत तेच आणि तसंच. गाणी विकत घेतलेली किंवा डीजे पूलमधून (डीजेंना वर्गणीवर गाणी देणाऱ्या सेवेतून) आणलेली, 320 केबीपीएसची एमपी3 किंवा वेव फाइल. केबीपीएसचा आकडा जेवढा मोठा तेवढी आवाजाची प्रत चांगली. 320चं चार मिनिटांचं गाणं साधारण साडेनऊ एमबीचं असतं. तुमच्याकडचं तीन-साडेतीन एमबीचं निघालं तर ते हलक्या प्रतीचं आहे असं समजा. 128 केबीपीएसचं गाणं 320मध्ये बदलून फाइल फुगते, आवाज सुधारत नाही. घरच्या छोट्या स्पीकरवर हा फरक लक्षात येत नाही. मोठ्या सिस्टिमवर झांज चरचरते, बेस फुसका पडतो, आणि आधीचं गाणं चांगल्या प्रतीचं असलं तर नाचणाऱ्यालाही काहीतरी बिनसल्याचं जाणवतं.

फोल्डर लावण्याची माझी एक रीत आहे, ती जरूर करून बघा. हिंदी, मराठी, इंग्रजी, पंजाबी असे कप्पे मी करत नाही. रात्रीच्या वेळेप्रमाणं करतो: माणसं येतायत, जेवणं चाललीत, पाय हलायला लागले, फ्लोअर भरला, शेवटची वीस मिनिटं. एकच गाणं दोन कप्प्यांत असलं तरी चालतं. समोर गर्दी असताना डोकं भाषेवर चालत नाही, हालचालीवर चालतं. हात थेट त्या कप्प्यात गेला पाहिजे.

यात आपल्याकडचं सगळ्यात किचकट काम म्हणजे जुनी मराठी गाणी. लोकगीतं, लावण्या, जुनी भीमगीतं बहुतेक जिवंत वादकांनी वाजवलेली, मशीनच्या ठरावीक क्लिकवर नव्हे. वादक रंगात आला की लय चढते. सॉफ्टवेअर सुरुवातीचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) धरतं आणि दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत त्याची ग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, खऱ्या ठोक्यापासून सरकलेली असते. अशा गाण्यावर सिंकचं (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणारं) बटण दाबलं की ठोके एकमेकांवर आदळतात, घोड्यांची शर्यत सुरू. म्हणून ग्रिड हातानं लावायची. पहिला ठोका पकडायचा, दर काही मात्रांनी थांबून तपासायचं, जिथं सरकली तिथून पुढं नव्यानं लावायची. दुसरी अडचण चालीची. गोंधळाच्या संबळीसारखी बरीच चाल सहा मात्रांची असते आणि चार मात्रांचा हाउसचा ठोका तिच्याखाली बसत नाही, कितीही ओढाताण करा. तिथं मिक्स करायचंच नाही. चालू गाणं एकोवर, म्हणजे आवाज घुमत विरेल असं, सोडायचं, क्षणभर शांतता ठेवायची आणि नवं गाणं पहिल्या ठोक्यापासून मारायचं. ती शांतता नीट जमली की हॉलमध्ये असा आवाज उठतो की तुम्ही तासभर केलेली कारागिरी त्यापुढं फिकी. जी गाणी वारंवार लागतात त्यांचे स्वतःचे एडिट, म्हणजे कापून-जोडून केलेल्या प्रती, करून ठेवा. पुढं सोळा ठोक्यांची हलगी, मागं तेवढीच मोकळी जागा, म्हणजे आत शिरायला आणि बाहेर पडायला वाट राहते.

ठोका कानानं जुळवायला शिका, सिंक असलं तरी. गाणं आठ-आठ मापांच्या तुकड्यांत चालतं, म्हणजे बत्तीस ठोके. नवं गाणं त्या तुकड्याच्या पहिल्या ठोक्यावर सोडायचं, त्याचा लो (बेसचा नॉब) पूर्ण खाली ठेवून. दोन्ही गाणी सोबत चालू द्यायची, हायहॅट (ड्रममधली छोटी झांज) एकमेकांवर बसतेय का ते हेडफोनमध्ये ऐकायचं. पुढचा तुकडा सुरू होतो त्या ठोक्याला जुन्याचा लो खाली, नव्याचा लो वर, दोन्ही हात एकाच वेळी. एका वेळी एकच बेस हा नियम. दोन बेस एकत्र आले की चिखल होतो. मिक्सरचे दिवे हिरव्यात ठेवायचे, फार तर पिवळ्याला शिवून यायचं. लाल लागला की आवाज वाढत नाही, फाटतो. आणि सिस्टिम बसवणारा इंजिनिअर ते लक्षात ठेवतो, मालकाला सांगतोही.

नव्या पोराला पहिलं काम मिळतं ते वॉर्म-अपचं, म्हणजे मुख्य डीजेच्या आधी वाजवायचं. रात्री आठ-नऊला, रिकाम्या खुर्च्यांसमोर. बहुतेकांना तो अपमान वाटतो आणि ते पहिल्या अर्ध्या तासातच 128 बीपीएमला सगळी हिट गाणी उधळून मोकळे होतात. मला स्वतःला वॉर्म-अप हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर काम वाटतं. 100 ते 115 बीपीएमच्या दरम्यान राहायचं. माणसांना बोलता आलं पाहिजे, ऑर्डर देता आली पाहिजे, आणि बोलता बोलता खांदे हलले पाहिजेत. पुढं येणारा डीजे कोणती गाणी वाजवतो ते आधी ऐकून जा आणि त्यातलं एकही लावू नका. तो आला की विचारा, "सर, कुठल्या बीपीएमवर सोडू?" शेवटचं गाणं लांब शेवटाचं लावा, तुमचा चॅनल कोणता ते दाखवा, ड्राइव्ह गाणं संपल्यावरच काढा आणि बाजूला व्हा. पुण्यातल्या एका रेसिडेंट (क्लबात कायम वाजवणाऱ्या) डीजेनं मला पुन्हा बोलावलं ते एवढ्याच कारणासाठी. मिक्सिंगबद्दल तो एक शब्दही बोलला नव्हता.

फर्माइशी येणारच. फोनचा उजेड डोळ्यांवर मारत कुणीतरी म्हणणार, "भाऊ, जालन्याहून आलोत, एकदाच लावा ना." तोंडावर नाही म्हणू नका, लगेच हो पण म्हणू नका. "बघतो दादा, जागा आली की लावतो" म्हणा, आणि खरंच जागा आली तर लावा. माणूस दिलेला शब्द विसरत नाही. कन्सोलवर स्वतः पिऊ नका. दहा जण ग्लास पुढं करतील, हात जोडायचे.

थोडं या कलेच्या मुळाबद्दल, कारण नुसतं यंत्र शिकलेल्याला आपण कुणाची वहिवाट चालवतोय हे ठाऊक नसतं. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकन पोरानं बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. नाचणारे गाण्यातल्या फक्त ढोलाच्या तुकड्याची वाट बघतात हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढं त्यानं एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तुकडा लांबवत नेला. हिपहॉपची सुरुवात या पार्टीपासून धरतात. शिकागोत 1977पासून वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स वाजवायचा आणि हाउस हे नाव त्या क्लबावरून आलं. तिथं येणारी बहुतेक माणसं काळी आणि समलिंगी, इतर ठिकाणी दार बंद असलेली. आपल्याकडं हलगी पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली ती मातंग समाजातल्या कलावंतांनी, आणि ज्या लग्नात त्यांची हलगी घुमली त्याच लग्नात त्यांना मांडवाबाहेर बसवलं गेलं. तुम्ही हलगीचा लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) वापरत असाल तर जवळच्या वाजवणाऱ्याला बोलवा, ठरवून पैसे द्या, रेकॉर्ड करा आणि ट्रॅकवर त्याचं नाव लिहा. इंटरनेटवरच्या सॅम्पलपेक्षा तो आवाज कितीतरी जिवंत असतो, आणि ज्याचं त्याला मिळतं.

लॉनवरच्या कार्यक्रमांत संगीताइतकंच विजेकडं लक्ष लागतं. जनरेटर बदलताना क्षणभर वीज जाते, म्हणून बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा कंट्रोलर तिथं उपयोगी पडतो. स्पीकरमधून घूं असा आवाज येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा तिथंच दोष सापडतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, कन्सोल सावलीत मागून घ्या, लाजू नका.

कायदाही तोंडपाठ हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बँक्वेट हॉलसारख्या बंद जागेत आतल्यापुरता चालतो. वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस सरकार ही वेळ मध्यरात्री 12पर्यंत वाढवू शकतं. रूफटॉप आणि लॉन उघड्यातच मोडतात. त्यामुळं लॉनवरचा संगीत समारंभ असेल तर यजमानांना आधीच सांगा की सातला सुरू केलं तरच तीन तास मिळतील. आपल्याकडं मुहूर्त आणि पाहुणे दोन्ही उशिरा येतात. दहाला मशीन बंद करताना नवरदेवाच्या मित्रांशी वाद घालण्यापेक्षा हे बोलणं आधी झालेलं बरं. क्लबमधलं संगीताचं लायसन्स साधारणपणे जागेचा मालक काढतो, तरी विचारून खात्री करा.

कानांबद्दल हयगय करू नका. 85 डेसिबलला आठ तास हा सुरक्षित मानलेला काळ, आणि दर 3 डेसिबलला तो निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं. बूथमध्ये, म्हणजे डीजे उभा राहतो त्या जागी, तेवढा आवाज सहज असतो. फिल्टरचे इअरप्लग मिळतात, गाणं स्पष्ट ऐकू येतं, फक्त हळू. बूथचा आवाज मिक्सरवर वेगळा असतो, मिक्स झाला की तो खाली घ्या. रात्री घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडं जा. एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही.

पैशाचं गणित लगीनसराईवर बसलेलं असतं. आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नं जवळपास नाहीत, तेव्हा लाउंजचं काम आणि साठवलेले पैसे यांवर निघावं लागतं. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं दिवसाची नोकरी किंवा दुकान सोडू नका. तारीख, वेळ, रक्कम, प्रवास, जेवण, मुक्काम सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. निम्मी रक्कम आधी घ्यायची, ओळखीतलं लग्न असलं तरी. पुण्याचं काम असेल तर जाण्या-येण्याचं भाडं मानधनातून वजा करून बघा, मगच हो म्हणा. हॉटेलवाले टीडीएस कापतात, पॅन देऊन ठेवा आणि दरवर्षी रिटर्न भरा. कापलेला पैसा परत मिळू शकतो, आणि पुढं कर्ज काढताना बँक रिटर्नच मागते.

मुली या कामात येतायत आणि त्यांनी यावं असं मला मनापासून वाटतं. परतीची गाडी कोण देणार आणि बूथजवळ सुरक्षारक्षक कोण असेल, हे त्यांनी काम घेतानाच ठरवून घ्यावं. ज्या जागेचा मालक याचं सरळ उत्तर देत नाही तिथलं काम सोडावं.

पहिलं काम मागायला जाताना पंचेचाळीस मिनिटांचा एकच सेट सोबत ठेवा, एका दमात वाजवलेला, कापाकापी न केलेला आणि त्या जागेच्या वॉर्म-अपला शोभेल असा. त्याआधी दोन-तीन शनिवार तिथं गिऱ्हाईक म्हणून जा, रेसिडेंट काय वाजवतो ते ऐका, सुट्टीच्या वेळी त्याच्याशी ओळख करून घ्या. तो आजारी पडला किंवा गावाला गेला की पहिला फोन ओळखीच्या माणसाला जातो. मॅनेजरला भेटायचं ते मंगळवार-बुधवारी, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. रात्री आठनंतर त्याला फोन करू नका.