बोटुकली सोडण्याआधी इंजिनखालची माती उचला

मृगाचा पाऊस लागला की खानापूर, बेळगाव भागातले मासे नाल्यांतून भातखाचरांकडे चढतात नि अंडी सोडतात. शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायचे दिवसही पुढं हेच. आणि नेमकं याच वेळी उन्हाळाभर पाणी उपसायच्या इंजिनखाली मुरलेलं डिझेल, ऑईल पहिल्या पाण्याबरोबर वाहत तळ्यात उतरतं. बेंदराला ट्रॅक्टर आणि चिखलणी झाली की पॉवर टिलर ओढ्यातच धुतले जातात, ते वेगळंच.

चमचाभर तेलानं काय होतंय, असं वाटतं. हिशेब करा. १० गुंठ्यांचं तळं म्हणजे साधारण १००० चौरस मीटर. त्यावर १ लिटर डिझेल सारखं पसरलं तर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याएवढा थर होतो. सगळ्या तळ्यावर रंगीत तवंग दिसायला तेवढा पुरतो.

माशाला पहिला त्रास कल्ल्यांना. कल्ल्यांवर बुळबुळीत स्राव वाढतो, नाजूक पापुद्रे सुजतात, एकमेकांना चिकटतात, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पेट्रोल लवकर उडून जातं, पण त्यातले बेंझिनसारखे घटक पाण्यात विरघळतात. डिझेल आणि जळकं ऑईल जास्त दिवस टिकतं, गाळात बसतं. त्यातली विषं निकामी करता करता यकृत खराब होतं, माशाची प्रतिकारशक्ती घटते आणि साधी बुरशीसुद्धा भारी पडते. अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं तर सगळ्यात नाजूक. त्यांच्या हृदयाची वाढच बिघडते. मरळ हवा घ्यायला वर येतो, म्हणजे दर खेपेला तवंगातच तोंड घालतो.

मात्र प्रत्येक तवंग तेलाचा नसतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्या जमिनीत लोहाच्या जिवाणूंमुळेही तशीच झाक येते. काठी फिरवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन ते तसेच राहिले तर काळजी नको. फाटलेला थर पुन्हा जुळून आला तर ते तेलच.

इंजिन बांधापासून लांब, पत्र्याच्या परातीत ठेवा. खालची काळी माती पावसाआधी खरवडून काढा, ओढ्याकडं टाकू नका. पाणकिडे मारायला काही जण तळ्यात डिझेल शिंपडतात. मला हे अजिबात पटत नाही, बारीक जाळं ओढून किडे काढता येतात.

तेल शिरलंच तर आधी येणारं पाणी तोडा आणि खाद्य बंद करा. वारा तवंग एका कोपऱ्यात ढकलतो. तिथं भाताच्या पिंजराच्या पेंढ्या, कोरडी पोती टाकून तेल टिपून घ्या. साबणाची पावडर चुकूनही टाकू नका. तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोल मिसळतं, थेट कल्ल्यांत जातं. तवंग निघेपर्यंत पाणी घुसळणारा पंखाही लावू नका. भिजलेलं पिंजर जनावरांपुढं जाणार नाही आणि विडीकाडीपासून लांब राहील, एवढं घरच्या पोरांनाही सांगून ठेवा.

रॉकेलसारखा वास येणारा मासा बाजारात नेऊ नका, घरीही खाऊ नका. मासे मरायला लागले तर तालुक्याच्या मत्स्य खात्याला लगेच कळवा.

नवीन बीज आणण्याआधी तळ्यात हापा (बारीक जाळीचा चौकोनी पिंजरा) बांधून दहा-पंधरा बोटुकली एक दिवस-रात्र ठेवा. सकाळी ती तोंड वर काढून धापा टाकत असतील तर बीजाची गाडी मागवू नका.