मीटअप लाइव्ह दाखवावा, रेकॉर्ड करावा, की कॅमेरा बंदच ठेवावा?

तंत्रज्ञानाच्या एखाद्या स्थानिक गटाचा मीटअप जरा स्थिरावला की 'पुढच्या वेळी लाइव्ह करू या' असे कोणीतरी म्हणतेच, आणि मग बोलणे लगेच कॅमेरा कोणाकडे आहे आणि जागेचे वाय-फाय कितपत चालते याकडे वळते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. वक्ता खोलीतल्या तीस-चाळीस लोकांसमोर 'चालू डेटाबेस चुकून मीच पुसला होता' असे मोकळेपणाने सांगतो, तेव्हा त्या संध्याकाळचा सर्वांत उपयोगी भाग सुरू झालेला असतो. समोर कॅमेरा असला की तेच वाक्य 'काही तांत्रिक अडचण आली होती' एवढ्यावर आटोपते. म्हणून कॅमेऱ्याचा निर्णय सबंध कार्यक्रमासाठी एकदाच न घेता प्रत्येक सत्रासाठी वेगळा घ्यावा. तयारीनिशी दिलेले व्याख्यान वक्त्याच्या संमतीने रेकॉर्ड करावे, खुली चर्चा कॅमेऱ्याबाहेर ठेवावी, आणि दूरचे श्रोते त्याच वेळी प्रश्न विचारणार असतील तरच लाइव्ह प्रक्षेपणाच्या वाटेला जावे, या पद्धतीवर मी आता येऊन थांबलो आहे.

पाहणार कोण, हे आधी ठरवावे

नाव नोंदवूनही येऊ न शकलेले लोक, दूर राहणारे लोक आणि सहा महिन्यांनी तोच विषय शोधत येणारे अनोळखी लोक, असे प्रेक्षकांचे ढोबळ तीन गट असतात. यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गटाची गरज रेकॉर्डिंगने पूर्ण भागते. लाइव्हचा खरा उपयोग फक्त दुसऱ्या गटाला आहे, आणि तोही त्यांचे प्रश्न वक्त्यापर्यंत पोहोचवण्याची सोय असेल तरच. आमच्या पहिल्या लाइव्ह प्रक्षेपणात प्रेक्षकसंख्या चारवर अडकून राहिली होती. त्यांतला एक माझाच फोन होता, जो मी आवाज जातो आहे की नाही हे पाहण्यासाठी खिशात चालू ठेवला होता, आणि दुसरा सहआयोजकाचा लॅपटॉप होता. उरलेल्या दोघांसाठी आम्ही समोर बसलेल्या सगळ्यांना वीस मिनिटे ताटकळत ठेवले.

याचा अर्थ लाइव्ह निरर्थक आहे असा मात्र नाही. लहान मुले किंवा आजारी माणसे सांभाळणाऱ्यांना, रात्रपाळी करणाऱ्यांना, जिना चढून जागेपर्यंत पोहोचणे अवघड असणाऱ्यांना मीटअपचे दार याच मार्गाने उघडते. आपल्या गटात असे लोक आहेत का, हे अंदाजाने ठरवू नये. नोंदणीच्या अर्जात 'आपण प्रत्यक्ष येऊ शकत नसल्यास काय उपयोगी पडेल?' असा एक प्रश्न घालावा आणि दोन-तीन मीटअपची उत्तरे पाहून मग निर्णय घ्यावा. घरबसल्या पाहता आले तर खोली ओस पडेल, ही भीती अनेक आयोजक बोलून दाखवतात. आठवड्याभराने प्रसिद्ध होणाऱ्या रेकॉर्डिंगमुळे आमची उपस्थिती घटली नाही. लाइव्हच्या दिवशी, विशेषतः पाऊस असेल तर, खुर्च्या थोड्या रिकाम्या दिसत.

संमती: एक प्रश्न नव्हे, तीन

व्याख्यान स्वीकारल्याचे कळवतानाच वक्त्याला रेकॉर्डिंग, प्रसिद्धी आणि लाइव्ह यांबद्दल तीन स्वतंत्र प्रश्न लेखी विचारावेत. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला होकार देणारा तिसरीला सहज नकार देऊ शकतो. अनेक वक्त्यांना जाहीर व्याख्यानासाठी आपल्या कंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, त्यामुळे हा प्रश्न कार्यक्रमाच्या दिवशी माइक लावताना विचारणे म्हणजे त्यांना कोंडीत पकडणेच होय. मी साधारण अशी भाषा वापरतो: 'आपले व्याख्यान आम्ही रेकॉर्ड करू इच्छितो. प्रसिद्ध करण्याआधी चित्रफीत आपल्याला पाहायला मिळेल आणि आपण सुचवाल तो भाग वगळला जाईल. रेकॉर्डिंग नको असल्यास कारण देण्याची गरज नाही. व्याख्यानाच्या निवडीवर त्याचा परिणाम होणार नाही.' यांतले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण नव्या वक्त्याला नकार दिला तर संधी जाईल असे वाटत असते. पहिल्यांदाच बोलणाऱ्याला मी आणखी एक पर्याय देतो: रेकॉर्डिंग करावे, पण फाइल फक्त त्याच्याच हाती द्यावी. स्वतःला ऐकून जे कळते ते दुसऱ्या कोणी सांगून कळत नाही, आणि त्यांतले काही जण नंतर आपणहून 'टाका आता' म्हणतात.

श्रोत्यांचे गणित वेगळे आहे. रेकॉर्डिंग होणार असल्याची सूचना नोंदणीच्या वेळी, दारावरच्या फलकावर आणि सत्राच्या सुरुवातीला तोंडी, अशी तिन्ही ठिकाणी द्यावी. कॅमेरा वक्त्यावर रोखलेला असावा आणि कोणत्या रांगा चित्रात येत नाहीत हे आधी सांगावे. प्रश्न विचारणाऱ्याला कॅमेरा दाखवू नये. वक्त्याने प्रत्येक प्रश्न स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारावा. या एका सवयीने विचारणाऱ्याची ओळख झाकली जाते आणि श्रोत्यांसाठी दुसरा माइक फिरवण्याची गरजही उरत नाही. खुल्या चर्चेसाठी चॅटम हाउस नियम उत्तम चालतो. चॅटम हाउस या लंडनच्या संस्थेत तो १९२७ मध्ये आखला गेला: ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली किंवा तिथे कोण उपस्थित होते हे उघड करता येत नाही. अशा सत्रात कॅमेरा नुसता बंद न ठेवता ट्रायपॉडवरून उतरवून ठेवावा, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहत नाही.

रेकॉर्डिंग करताना कान आधी, डोळे नंतर

अंधुक चित्र लोक सहन करतात, पण खराब आवाज कोणी दोन मिनिटेही सहन करत नाही. खोलीच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या फोनच्या माइकमध्ये पंख्याची घरघर, खुर्च्यांचा आवाज आणि भिंतींचा घुमारा वक्त्याच्या आधी शिरतो. त्यामुळे एकाच वस्तूवर खर्च करायचा असेल तर तो चांगल्या कॉलर माइकवर करावा. माइक हनुवटीपासून साधारण वीतभर खाली लावावा आणि वक्त्याच्या गळ्यातले ओळखपत्र आठवणीने काढून ठेवायला सांगावे. एकदा त्या ओळखपत्राची फीत चाळीस मिनिटे माइकवर घासत राहिली आणि एक अप्रतिम व्याख्यान खरखरीत बुडाले. कोणीही हेडफोन लावून ऐकत नसल्यामुळे ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. आवाजाची पातळी रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास शिखर गाठेल अशी ठेवावी, म्हणजे वक्ता अचानक हसला तरी आवाज फाटत नाही. अनेक स्वस्त वायरलेस माइक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि भरलेल्या खोलीत तीच पट्टी वाय-फाय आणि ब्लूटूथने गजबजलेली असते. म्हणून रिकाम्या खोलीत घेतलेली चाचणी पुरेशी मानू नये.

दुसरा क्रम पडद्याचा. प्रोजेक्टरच्या पडद्यावर कॅमेरा रोखून घेतलेला कोड वाचता येत नाही. पडद्याचे चित्र थेट लॅपटॉपमधूनच घ्यावे. कॅप्चर कार्ड (लॅपटॉपचे चित्र रेकॉर्डिंगसाठी टिपणारे उपकरण) असल्यास उत्तमच, पण काही लॅपटॉप एचडीएमआय केबलमधून एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण असलेले चित्र पाठवतात आणि कार्डावर नुसता काळा चौकोन उमटतो, हे आधी तपासावे. कार्ड नसेल तर वक्त्याच्याच लॅपटॉपवर ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरने, किंवा संगणकातच असलेल्या सोयीने, स्क्रीन रेकॉर्ड करून घ्यावी. सगळी यंत्रे सुरू झाली की वक्त्याने एकदा मोठ्याने टाळी वाजवावी. नंतर वेगवेगळ्या फाइली जुळवताना ती टाळी खूण म्हणून उपयोगी पडते. वक्त्याचा चेहरा तिसऱ्या क्रमावर आहे आणि त्यासाठी ट्रायपॉडवरचा साधा फोन चालतो.

फाइलींच्या बाबतीत काही बारीक फटके बसतात. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर सगळी फाइल उघडेनाशी होऊ शकते. म्हणून ओबीएसमध्ये एमकेव्ही हा अर्धवट राहिला तरी उघडणारा फाइल-प्रकार निवडावा आणि नंतर त्याचे एमपी४ करावे. फॅट३२ या जुन्या साठवण-पद्धतीच्या मेमरी कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. अनेक जुने फोटो कॅमेरे ३० मिनिटे व्हायच्या आत रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात आणि तसे थांबल्याचे मागे बसलेल्याच्या लक्षातही येत नाही. ६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाने एका तासाला साधारण २.७ जीबी जागा लागते, हा हिशेब करून कार्ड रिकामे करून आणावे.

लाइव्ह करायचेच असेल तर

लाइव्ह आणि रेकॉर्डिंग यांतला खरा फरक चूक मागे घेता येण्यात आहे. आमच्या एका लाइव्ह सत्रात वक्त्याने डेमो दाखवताना टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) बाण दाबून जुनी आज्ञा वर आणली आणि तिच्यातली गुप्त एपीआय की (एखादी सेवा वापरण्याचा पासवर्डसारखा संकेत) दोन सेकंद पडद्यावर झळकली. वक्ता थांबला, त्याने सगळ्यांसमोर ती की रद्द केली, नवी तयार केली आणि आठ मिनिटांनी व्याख्यान पुढे सरकले. रेकॉर्डिंग असते तर त्या दोन सेकंदांवर पट्टी टाकून काम भागले असते, आणि की नंतर शांतपणे बदलता आली असती. त्यामुळे प्रत्यक्ष डेमो असलेले व्याख्यान लाइव्ह करताना वक्त्याला वेगळे यूजर खाते, रिकामा टर्मिनल इतिहास आणि बंद केलेल्या नोटिफिकेशन यांचा आग्रह धरावा.

इंटरनेटचा वेग मोजताना डाउनलोडचा आकडा पाहून खूश होऊ नये. प्रक्षेपणाला लागतो तो अपलोडचा वेग. ७२०पी (साध्या एचडी दर्जाच्या) चित्रासाठी साधारण ४ एमबीपीएस धरावे आणि मोजलेला वेग त्याच्या किमान दुप्पट असावा. ही मोजणी त्याच जागेत, त्याच वेळी आणि शक्य असेल तर मागच्या मीटअपची गर्दी असताना करावी. वायरने जोडता येत असेल तर वाय-फायचा विचारही करू नये, आणि मोबाइल डेटा पर्याय म्हणून तयार ठेवावा. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत वाट पाहावी लागू शकते, तेव्हा ते काम आदल्या आठवड्यातच उरकावे. प्रक्षेपण सुरू असताना त्याच संगणकावर स्थानिक रेकॉर्डिंगही चालू ठेवावे, कारण मधेच जोडणी तुटली तरी हाती पूर्ण फाइल राहते.

दूरच्या प्रेक्षकाला चित्र काही सेकंद, कधी कधी अर्धा मिनिट उशिरा दिसते. त्याने प्रश्न टाइप करेपर्यंत वक्ता तीन स्लाइड पुढे गेलेला असतो. म्हणून त्यांचे प्रश्न गोळा करून खोलीत मोठ्याने वाचणारा एक माणूस नेमावा आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये. एक जण यंत्रावर, एक जण प्रश्नांवर आणि एक जण खोलीकडे पाहायला, अशी तीन माणसे मिळत नसतील तर त्या दिवशी लाइव्हचा नाद सोडावा. मध्यंतरात पार्श्वसंगीत वाजत असेल तर प्रक्षेपणाचा आवाज बंद करावा, कारण कॉपीराइटची स्वयंचलित तपासणी खोलीत वाजणारे गाणेही ओळखते. सत्र संपल्यावर प्रक्षेपण बंद करण्याची जबाबदारी नाव घेऊन एकाला द्यावी, अन्यथा खुर्च्या उचलताना चाललेल्या गप्पा जगभर ऐकू जातात.

प्रसिद्धीपूर्वी आणि नंतर

संपादनाच्या मोहात पडू नये. सुरुवातीची आणि शेवटची चुळबुळ कापावी, वक्त्याने सांगितलेला भाग वगळावा आणि प्रत्येक व्याख्यानाची वेगळी चित्रफीत करावी. तीन तासांची सलग फाइल कोणी उघडत नाही. यूट्यूबचे खाते पडताळलेले नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत चढवता येत नाही. वर्णनात वेळेच्या नोंदी दिल्या तर विभाग आपोआप तयार होतात. पहिली नोंद शून्यावर असावी, किमान तीन नोंदी असाव्यात आणि प्रत्येक विभाग किमान १० सेकंदांचा असावा.

सबटायटलचा वेळ मात्र वाचवू नये. आपोआप तयार होणाऱ्या मजकुरात लायब्ररींची (तयार कोडच्या संचांची) आणि आज्ञांची नावे हमखास बिघडतात, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी नेमके तेच शब्द मोलाचे असतात. व्याख्यानातल्या पंधरा-वीस संज्ञांची यादी वक्त्याकडूनच मागवून त्या शोधून दुरुस्त केल्या तरी निम्मे काम होते. दुरुस्त केलेली चित्रफीत आधी फक्त दुव्याने उघडेल अशी ठेवून वक्त्याला आठवडाभर द्यावी आणि स्पष्ट होकार आल्यावरच सर्वांसाठी खुली करावी. उत्तर न येणे हा होकार मानू नये. एखाद्याने दोन वर्षांनी नोकरी बदलल्यावर 'माझी चित्रफीत काढा' असे कळवले, तर वाद न घालता ती काढावी. कच्च्या फाइली, ज्यांत श्रोत्यांचे आवाज आणि वगळलेले भाग असतात, त्या प्रसिद्धीनंतर पुसून टाकाव्यात, आणि चॅनेलचे अधिकार किमान दोघांकडे असावेत, म्हणजे एक जण गट सोडून गेला तरी अशी विनंती पुरी करणारा कोणीतरी मागे असतो.