फुल थ्रॉटलला अडखळणारी जुनी ड्रॅग कार, उपाय सापडला

ॲम्बी व्हॅलीच्या एअरस्ट्रिपवर ड्रॅगला (सरळ रेषेतली वेगाची शर्यत) पळवायची म्हणून पावसाळाभर उभी असलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक काढली. आयडलिंग मस्त, पण फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की) ५००० आरपीएमच्या वर अडखळायची. प्लग, वायरी बदलल्या, इंजेक्टर साफ केले, काही फरक नाही, डोकं पार उठलं.

मग डायनोवर (गाडी जागेवरच लोड देऊन पळवायचं मशीन) फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) प्रेशर गेज लावला तर ३ बारच्या आसपास टिकायला हवं ते प्रेशर लोडवर धाडकन खाली. लाइनमधलं प्रेशर उतरवायला फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, पंप बाहेर घेतला तर खालच्या जाळीवर शिळ्या पेट्रोलचा तपकिरी चिकट थर! टाकी रिकामी करून धुतली, पूर्ण सुकवली, जाळी, फिल्टर, पंपाचं सील सगळं नवीन (जुनी जाळी धुऊन लावू नका, चिकटा आत राहतोच), ताजं पेट्रोल, चावी दोन-तीनदा ऑन करून प्रेशर भरलं आणि लीक तपासलं. आता रेडलाइनपर्यंत (इंजिनच्या कमाल आरपीएमपर्यंत) प्रेशर टिकतंय.