रात्रभराच्या बस प्रवासात पाय सुजायचे, त्यावर लागू पडलेला उपाय

दहा-बारा तास बसमध्ये बसलो की माझे दोन्ही पाय घोट्यापाशी सुजायचे. सकाळी उतरताना बूट चढायचा नाही. नडगीवर अंगठा दाबला की खळगा बराच वेळ तसाच राहायचा. अक्षरशः प्रवासाचीच धास्ती बसली होती.

आधी पाणी कमी पिऊन पाहिलं. सूज तेवढीच, वर डोकेदुखी. बॅगेवर पाय ठेवले, तरी फरक नाही. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. पाय तासन्‌तास लोंबते आणि स्थिर राहिले की ते कामच थांबतं. हे कळलं तेव्हा मार्ग सापडला.

आता निघण्याआधी अर्धा तास आडवा होऊन पाय उशीवर ठेवतो. लगेच, उठून फिरण्याआधीच, गुडघ्यापर्यंतचे, पाय आवळून धरणारे १५ ते २० एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाबाचे मोजे घालतो. माप घोटा आणि पोटरीचा घेर टेपने मोजूनच घ्यावं. मोज्याची वरची कड दुमडू नका, तिथेच काचतं. सीट मधल्या वाटेकडची घेतो, पायाखाली सामान ठेवत नाही. झोप लागेपर्यंत दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं ३० वेळा. बस थांबली की खाली उतरून चालतो. पाणी नेहमीसारखंच पितो.

मधुमेह किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर मोजे डॉक्टरांना विचारूनच घाला. एकच पाय सुजून दुखत असेल, तर हे काही न करता त्याच दिवशी दाखवा.